साहेबांना दिलेलं पाणी

दार दिवसभर उघडं आणि आत मात्र कुणीच जात नाही, असं एखादं घर आपल्यापैकी बहुतेकांच्या गल्लीत असतं. आपण त्यावरून रोज जातो. आत कोण राहतं हेही आपल्याला ठाऊक असतं. फक्त थांबायला निमित्त सापडत नाही.

सीमाभागातल्या मेहकरच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका लहान गावात असं घर होतं सुभद्राबाईंचं. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली. आधी माणसांचे चेहरे गेले, मग उजेडही गेला. डोळे मात्र वरून नितळच राहिले. पाहणाऱ्याला वाटावं, बाई आपल्याकडंच बघतेय. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. दिसत होतं तोवर त्या खुरपायला जायच्या. दिसेनासं झालं आणि बोलावणं बंद झालं. मजुरी गेलीच, पण बांधावर बसून बायकांबरोबर खाल्लेली भाकरीही गेली. आता शेजारची विमलबाई अधूनमधून जोंधळे आणून द्यायची. ते घेताना सुभद्राबाईंची मान खाली जायची.

घर मात्र त्यांच्या हातातलं होतं. दारातून आत आलं की उजव्या हाताला चूल, समोरच्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण, भिंतीवर बुद्धाची तसबीर. भाकरी त्या स्वतः थापायच्या, झाडलोट स्वतः करायच्या. "अक्का सगळं आपलं आपण करती," असं गल्ली कौतुकानं म्हणायची आणि पुढं निघून जायची. सुभद्राबाई पावलांवरून माणूस ओळखायच्या. ही विमल, हा नागप्पा टपालवाला. ओळखीची पावलं दाराशी यायची आणि न थांबता पुढं जायची. मग त्या पितळेचा पेला राखेनं घासत बसायच्या. पेला पाहुण्यांसाठीचा होता. पाहुणा नव्हता, तरी पेला लखलखत असायचा.

१९८३-८४च्या सुमाराची ही गोष्ट. सरकार अपंगांना दरमहा पैसे देत होतं. गल्लीतले लोक त्याला पगार म्हणत. गावच्या शाळेतले तात्याराव गुरुजी सुभद्राबाईंना घेऊन दवाखान्यात गेले. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. अर्ज कचेरीत गेला. आता राहिली होती फक्त घरी येऊन करायची चौकशी.

चौकशीला आले महसूल खात्याचे गिरदावर, म्हणजे तलाठ्यांच्या वरचे साहेब, प्राणेश. वयानं तरुण, कामात चोख. उन्हाच्या वेळी त्यांचे बूट सुभद्राबाईंच्या दाराशी वाजले आणि चक्क थांबले!

"सुभद्राबाई तुम्हीच का?"

"व्हय व्हय, या की साहेब. बसा. उनाचं आलाव."

आमच्याकडं दारी आलेल्या माणसाला आधी गूळपाणी, मग बोलणं. सुभद्राबाई उठल्या, सरळ कोपऱ्यात गेल्या, पेला भरला आणि गुळाच्या खड्यासह आवाजाच्या रोखानं बरोबर पुढं धरला. थेंब सांडला नाही. पेला भरताना त्यांचं बोट कडेच्या आत होतं, ते प्राणेश यांनी पाहिलं. त्यांना जरा कसंसंच झालं. शिवाय ही वस्ती, हे घर. पण ते शिकलेले होते, जुन्या शिवाशिवीत मन अडकवणारे नव्हते. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि रिकामा केला.

"आमच्या घरी पाणी पिलाव साहेब!" रिकामा पेला हाती येताच सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी साहेब लोक चावडीपर्यंत यायचे. ह्या गल्लीतलं पाणी कुणी प्यायलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

आपण आज काहीतरी मोठं केलं, अशा समाधानात प्राणेश बाहेर पडले. लिंबाखाली उभं राहून त्यांनी लिहिलं, "अर्जदार घरात विनाआधार चालते. स्वतः पाणी भरून देते. दृष्टी असावी."

अर्ज नामंजूर झाला!

विमलबाईनं ते ऐकलं आणि तरातरा आली. "अक्का, कामून उटलीस गं तू? साहेबाला पाणी देयाला तूच ऱ्हायली होतीस व्हय? म्या दिलं आसतं की!"

"तू कुठं होतीस?" सुभद्राबाई म्हणाल्या. विमलबाई आल्या पावली परत गेली.

तात्याराव गुरुजी कचेरीत गेले. प्राणेश यांनी खुर्ची दिली, पण स्वर ताठच होता.

"गुरुजी, मी खोटं लिहिलेलं नाही. बाई सरळ चालत गेल्या, न सांडता पाणी दिलं. दिसत नसताना हे जमतं?"

"साहेब, माझ्या वर्गात एक पोरगं आहे," गुरुजी म्हणाले. "पुस्तक पुढं धरून अख्खा धडा घडाघडा म्हणतं. मी पान उलटलं की गप्प. त्याला धडा पाठ आहे, वाचता येत नाही. सुभद्राबाईंना त्यांचं घर पाठ आहे."

"लोक काय काय सोंगं करतात, दाखलेही कसे मिळवतात, तुम्हाला माहीत नाही. धडधाकट माणूस माझ्यासमोर लंगडत येतो!"

"असेल. म्हणून जिनं सोंग केलं नाही तिला शिक्षा द्यायची? ती रडत, चाचपडत आली असती तर तुम्ही लगेच मान्य केलं असतं. नीट राहणाऱ्याला आपण मदत नाकारायला लागलो, साहेब, तर लोकांना सोंगं कोण शिकवायलंय?"

प्राणेश यांनी अर्जाचा कागद पुन्हा पुढं ओढला. म्हणाले, "पुन्हा येतो. पण जे दिसेल तेच लिहीन."

साहेब परत येणार म्हटल्यावर गल्ली कामाला लागली. विमलबाईनं अक्काला बजावलं, "ह्या बारीला उटू नगंस. कन्हत पडून ऱ्हा. साहेब बोलला की भलतीकडंच तोंड कर."

"माज्या घरी आलेल्या माणसाकडं पाठ करू?"

"मग बस पगाराची वाट बघत!"

"पगार मिळंल, न्हाई तर न्हाई मिळणार. पर दारात माणूस आलं आन म्या त्येला पाणी इचारलं न्हाई, तर ह्या घरात कुणी ऱ्हातंय असं कशावरून म्हणायचं, विमल?"

विमलबाईनं कपाळावर हात मारला आणि आपल्या परीनं तयारी केली. साहेब येणार म्हणजे घर नीटनेटकं दिसायलाच हवं. सुभद्राबाईंना शेजारच्या अंगणात बसवून तिनं जमीन सारवली, आपल्या घरची बाज आणून मधोमध टाकली, शाळेतली खुर्ची मांडली. कोपरा ओला म्हणून रांजण उचलून दाराआड ठेवला. सगळं मायेनं केलं. काय कुठं हलवलं ते अक्काला सांगायचं तेवढं राहिलं. तोवर मोटारसायकल वाजली. अक्काला हाताला धरून आत आणून भिंतीशी बसवलं, आणि मागोमाग प्राणेश आणि गुरुजी आत आले.

"या साहेब. बसा," सुभद्राबाई म्हणाल्या. आणि पेला घेऊन उठल्याच!

दोन पावलं गेल्या आणि गुडघा बाजेच्या माचव्यावर आदळला. पेला हातातून सुटून घरंगळत गेला.

"बगा साहेब, बगा!" विमलबाई ओरडली.

प्राणेश यांच्या कपाळाला आठी पडली. "हे तुम्हीच शिकवलंत ना यांना?"

सुभद्राबाईंचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. बाजेला वळसा घालून त्या कोपऱ्यात पोचल्या. त्यांचा हात रांजणाच्या जागी गेला आणि तिथं काहीच नव्हतं. हात खाली गेला, बाजूला गेला, भिंतीवर फिरला. ज्या एका जागेत त्यांना कुणाला काही विचारावं लागत नव्हतं, ती जागाही आता परकी झाली होती.

"विमल," त्या हळूच म्हणाल्या, "माजा रांजण कुठं गेला गं?"

हरवलेल्या लेकराबद्दल विचारावं तसा तो आवाज होता. विमलबाई रडतच पुढं झाली, पेला उचलून अक्काच्या हातात दिला आणि तिचा हात रांजणावर ठेवला. सुभद्राबाईंनी पेला विसळला आणि भरला. बोट कडेच्या आत होतं. पाणी बोटाला लागलं तशा त्या थांबल्या.

प्राणेश ते बोट बघत राहिले.

"बाई, हे बोट आत कशाला?"

"पाणी कुठवर आलं ते कसं कळावं, साहेब? घाण वाटली आसंल तुमाला. पर हात धुतलेला हाय."

ते बोट त्यांनी मागच्या खेपेलाही पाहिलं होतं! डोळ्यांसमोर होतं, आणि त्यांना त्यात फक्त अस्वच्छता दिसली होती. आपण पाणी प्यायलो याचाच त्यांना इतका अभिमान वाटला होता की पाणी देणारीकडं बघायचं राहून गेलं.

"अव्वा," आईला हाक मारावी तसं म्हणत ते उठून उभे राहिले, "मी लिहिलं होतं की तुम्हाला दिसतं. चुकलो मी."

सुभद्राबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. "आता आदळले म्हणून पटलं व्हय, साहेब? नीट चालले तवा न्हाई पटलं?"

प्राणेश यांनी दोन्ही हातांनी पेला घेतला आणि पाणी प्यायले. मग तिथंच बसून त्यांनी नवा शेरा लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला, "अर्जदारास दिसत नाही. सवयीनं व स्वतःच्या हिमतीनं घरकाम करते. त्यामुळे तिची पात्रता कमी होत नाही."

विमलबाईनं रांजण उचलून जागेवर ठेवला. इतकी वर्षं शेजारी राहून अक्का त्या घरात कशाच्या आधारानं वावरते हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून ती जोंधळे निवडायचं सूप घेऊन अक्काच्या उंबऱ्यात बसू लागली.

पगार मंजूर झाला. तो घेऊन येणाऱ्या नागप्पा टपालवाल्याची पावलं आता महिन्यातून एकदा दाराशी थांबू लागली.

"अंगठा लावा, अक्का. पुढं लई गल्ल्या हायत मला."

"पाणी घेऊन जा की, नागप्पा."

तो पाणी प्यायचा, घटकाभर बसायचा, निघायचा. त्याची पावलं रस्त्यावर विरेपर्यंत सुभद्राबाई ऐकत राहायच्या. मग विमलबाईची वाट बघायच्या. कधी ती यायची, कधी तिला शेतात काम असायचं.

वाचकहो, मदत मागणाऱ्यानं आधी केविलवाणं दिसलं पाहिजे, अशी अट सरकारनं घातलेली नाही. ती आपण घातली आहे, आणि ती काढून टाकणंही आपल्याच हाती आहे. जो खाली पडत नाही त्यालाही आधाराची गरज असते. नीट उभं राहण्यासाठी त्यानं काय सोसलं, हे त्याच्याजवळ बसल्याशिवाय कळत नाही. पगार सरकार देईल. पण आपल्या गल्लीतलं ते उघडं दार तुम्हाला माहीत आहे. आज त्यावरून जाल तेव्हा थोडं थांबा, आणि आत जाऊन पाणी मागा.