अर्धा सूर खाली

गोमार तेरसागोचे कान बिघडले तेव्हा पहिला आळ आला तो घंटांवर. बेल्जियममधल्या मेखेलन गावच्या मनोऱ्यातल्या घंटा आता अर्धा सूर चढ्या वाजतात, अशी तक्रार त्यानं नगरपालिकेकडे लेखी केली. नगरपालिकेनं आभार मानले आणि घंटा होत्या तशाच वाजत राहिल्या. मग घरचा फ्रिज चढला, दाराची बेल चढली, ट्रेनच्या दाराची शिट्टीही चढली. "ह्या देशात सगळंच वर चाललंय," तो म्हणायचा, "भाव काय, पाणी काय, आता फ्रिजसुद्धा!"

शेवटी पाळी आली त्याच्या बारा गायकांची.

दायले नदीच्या नावानं चालणारा हा वृंद गोमारनं स्वतः उभा केला होता. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची चर्चमधली गाणी, साथीला काही नाही, नुसते बारा गळे आणि चौथऱ्यावर उभं राहून त्यांना हातांनी हाकणारा हा एक. त्याचा कान जन्मजात असा, की चमचा पेल्यावर आपटला तरी तो सुराचं नाव सांगायचा. एकच ठराविक सूर देणारा तो दोन पायांचा पोलादी नादकाटा खिशात बाळगणं म्हणजे धडधाकट माणसानं कुबडी घेणं, असं त्याचं मत. "ज्या दिवशी माझा कान खोटं बोलेल," तो रेडिओवर म्हणाला होता, लग्नांत म्हणाला होता, एका मित्राच्या अंत्यविधीतही म्हणाला होता, "त्या दिवशी मी चौथऱ्यावरून स्वतः उतरेन. मला ओढायला कुणी यायला नको."

आणि तो बोलला की करायचा, हीच तर पंचाईत होती.

"चढताय! चढताय!" तो तालीम थांबवून ओरडू लागला, तेव्हा सगळे चकित झाले. हा वृंद जन्मात कधी चढला नव्हता. त्याची खोड उतरायची. गाणं सुरू व्हायचं माळ्यावर आणि संपायचं तळघरात, आणि त्यापायी गोमारनं सव्वीस वर्षं डोक्यावरचे केस उपटले होते. सुरुवातीचा सूर द्यायचं काम विविनाचं. खालच्या पट्टीत गाणारी ही बाई नादकाटा कानाला लावायची, हलकेच गुणगुणायची आणि सगळे तो सूर धरायचे. तिनं गुपचूप पडताळून पाहिलं. वृंद बरोबर होता.

तिची मावशी लूव्हनला कानांची डॉक्टर. "म्हातारपणी असल्या कानांना कधीकधी सगळंच चढं ऐकू येतं," मावशी म्हणाली. "औषध नाही. सांगून टाक त्याला."

विविना सांगायला गेली आणि हवापाण्यावर बोलून परत आली. एकोणिसाव्या वर्षी ती ह्या वृंदात आली होती, तिला गायला ह्याच माणसानं शिकवलं होतं. तो चौथऱ्यावर नसलेली तालीम तिच्या डोळ्यांसमोर येईना. त्या आठवड्यात तिनं नादकाटा कानाला लावला, आणि मनाचा हिय्या करून अर्धा सूर खालचा दिला.

पहिल्या ओळीलाच गोमारचे डोळे भरले. "देवा! आज तुम्ही माणसांत आलात!"

मग कॅफेत चीजचे तुकडे मोहरीत बुडवता बुडवता कट शिजला.

"म्हणजे आता आपण प्रत्येक कार्यक्रमात अर्धा सूर खाली गायचं?" वान्नेसनं विचारलं. हा सगळ्यात खर्जातला गायक आणि सगळ्यात मोठ्या तोंडाचा.

"लोकांना काय कळतंय?" विविना म्हणाली. "निम्मे डुलक्या घेतात."

"आणि उरलेले निम्मे?"

"त्यांना वाटेल, त्या काळी असंच गायचे."

"माझी ना नाही बुवा. खालचे सूर मला शोभून दिसतात."

"तुला काहीच शोभत नाही," विविना म्हणाली. "पण एक ऐका. आता घसरायचं नाही. आधीच अर्धा सूर खाली, त्यात अजून उतरलो तर म्हातारा म्हणेल, वृंद बुडाला. जिथं सुरू करू तिथंच संपवायचं. काय?"

सगळ्यांनी मान डोलावली. दीड वर्ष हा चोरटा कारभार बिनबोभाट चालला. गोमारचं वय दहा वर्षांनी कमी झालं. फक्त घंटांना तो शिव्या द्यायचा.

मग त्याच्या डोक्यात ऑर्गन शिरला. नदीपलीकडच्या जुन्या चर्चमध्ये कार्यक्रम ठरला: एक कडवं ऑर्गननं वाजवायचं, पुढचं वृंदानं गायचं, जुन्या रिवाजाप्रमाणे. गळा खाली आणता येतो, ऑर्गन कसा आणायचा?

विविना ओडिलॉनकडे गेली. ओडिलॉन म्हणजे तिथला ऑर्गनवाला, त्या वाद्यावर पोटच्या पोरासारखा जीव लावणारा. खरं सांगितलं तर गावभर होईल म्हणून तिनं थाप मारली. "आमच्या एकीचा घसा बसलाय हो. अर्धा सूर खालून वाजवाल?"

"ह्याच्यावर?" ओडिलॉन दचकला. "बाई, ह्याचं सूर लावणं जुन्या पद्धतीचं. त्या पट्टीत ह्याच्या पोटात बेसूर लांडगा बसलाय. केकाटला तर मनोऱ्यावरची कबुतरं पडतील. घसा बसला असेल तर मध खायला सांगा."

कार्यक्रमाच्या दुपारी तालमीला विविना उभी राहिली ती फाशीला उभी राहावी तशी. वर सज्जात ओडिलॉननं पहिलं कडवं वाजवलं. गोमारच्या भुवया वर गेल्या, आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अर्धा सूर चढा! अरे, जुने ऑर्गन असेच असायचे! वा! आज आपणही ह्याच्याबरोबर चढंच गायचं, पोरांनो!"

विविनाला हसू की रडू कळेना. देव आहे, आणि तो आपल्या कटात सामील आहे! वान्नेसनं मागून तिला हळूच चिमटा काढला.

तेवढ्यात सज्जातून ओडिलॉनचं डोकं बाहेर आलं.

"चढा? कोण चढा? माझा ऑर्गन? केसभरही चढा नाही! दुरुस्तीच्या वेळी मी स्वतः उभा राहून काट्याबरहुकूम लावून घेतलाय. काटा आणा, काटा!"

"ओडिलॉन, जाऊ दे ना," विविना म्हणाली.

"का जाऊ दे? आणा काटा!"

गोमारनं हसत हात पुढे केला. विविनाला काटा देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यानं नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला. परत आपटला. दुसऱ्या कानाला लावला. पोलाद काही चढत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"घंटा?" त्यानं हळूच विचारलं.

"घंटा ठीक आहेत, गोमार," विविना म्हणाली.

"फ्रिज?"

"फ्रिजसुद्धा."

तो चौथऱ्यावरून खाली उतरला. कुणी ओढलं नाही. विविनाला वाटलं, आपल्याच हातानं त्याला ढकललं. "मी केलं," ती म्हणाली. "ह्यांना मीच भरीला घातलं. तुम्ही गेलात तर... मला ते नको होतं. आम्ही दीड वर्ष अर्धा सूर खाली गातोय."

"सगळे?"

"सगळे."

"प्रत्येक कार्यक्रमात? गेंटमधली ती तासाभराची मिस्सा प्रार्थनासुद्धा?"

"हो."

"आणि घसरलात किती?"

"नाही घसरलो. दर वेळी शेवटी मी काटा लावून बघायची."

गोमार लाल झाला. "सव्वीस वर्षं!" तो इतक्या मोठ्यांदा ओरडला की ओडिलॉननं डोकं आत घेतलं. "सव्वीस वर्षं मी तुमच्या पाया पडतोय, घसरू नका! ओरडलो, रडलो, घरी जेवायला घातलं! तेव्हा जमलं नाही, आणि मला फसवायचं म्हटल्यावर केसभर ढळला नाहीत? हरामखोरांनो!" मग तो बाकावर बसला आणि खदाखदा हसला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला.

"चढा वर," विविना काकुळतीला आली. "संध्याकाळी लोक येणार आहेत."

"मी शब्द दिलाय. तू चढ."

"मी?"

"दीड वर्ष वृंद कुणी चालवला? मी तर नुसता वारा घालत होतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय! मी वान्नेसच्या शेजारी उभा राहतो. सुरांची नावं चुकतील, पण शेजाऱ्याच्या सुराला सूर मिळवायला अजून येतं मला. ह्याच्यापेक्षा तरी बरा."

संध्याकाळी विविनानं खरा सूर दिला. ऑर्गनच्या आधारानं कडवी नीट पार पडली. खर्जाच्या रांगेत गोमार प्रामाणिकपणे गात होता, पण चुकीच्या घरात जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखा अवघडून.

मग शेवटचं लांब गाणं, ऑर्गनशिवाय. आता फसवायला कुणी नव्हतं, भ्यायला काही नव्हतं, आणि वृंद सुखानं घसरू लागला. दुसऱ्या पानावर विविनाला ते कळलं. तिनं बोट वर नेलं, सूर उचला म्हणून सांगायला. तेवढ्यात तिची नजर खर्जाच्या रांगेकडे गेली.

गोमारचे खांदे सैल झाले होते. डोळे मिटलेले, मान हलकेच डोलत होती. वृंद जसजसा खाली येत होता, तसतसा त्याचा चेहरा उजळत होता. त्या भरल्या चर्चमध्ये सूर आता एकट्या त्याच्यासाठी बरोबर जागेवर येत होता.

विविनानं बोट खाली घेतलं. घसरू दिलं. शेवटच्या पानावर तर तिनं तळवा हळूच जमिनीकडे दाबला, थोडं अजून, थोडं अजून. वान्नेसनं डोळे वटारले, पण गेला खाली.

टाळ्या ओसरल्यावर गोमार गर्दीतून वाट काढत आला आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"कार्यक्रमभर चढी होतीस," तो म्हणाला. "शेवटी तेवढी जागेवर आलीस."

"सांभाळून घ्या," विविना म्हणाली. "पहिलाच दिवस आहे."