ठेवतो हं

ह्यांचं शिवणकामाचं दुकान खाली आणि आमचं घर वर. हातात कापड, ओठांत टाचण्या, त्यामुळे फोनवर लिहिणं ह्यांना कधी जमलं नाही. बटण दाबून आवाजातच निरोप पाठवत. "वर येतोच गं. ठेवतो हं."

जन्मभर साध्या फोनची सवय. 'ठेवतो' म्हटलं की संपलं, असंच त्यांना वाटे, आणि बटण बंद करायचं राहून जाई. मग निरोपात पुढे मशीन धडधडे, कात्री कचकचे, मध्येच हे स्वतःशी पुटपुटत, "बाही आखूडच झाली की!" मी वरून ओरडायची, "मशीनशी बोलून झालं असेल तर या जेवायला!"

ते गेल्यावर मी रोज दुपारी तेच लावून बसे. 'ठेवतो हं'च्या पुढचं.

निरोपांचं ते अ‍ॅप आमच्या धाकट्या लेकीच्याच कंपनीचं. छोटी कंपनी. मोठ्या कंपनीने ती विकत घेतली.

"आधी फोटोंचं अ‍ॅप घेतलं, मग कॉलचं, आता आम्हाला," धाकटी म्हणाली.

"मग उरलं कोण?"

जावई हसले. "कुणी नाही. आता अबोला धरायचा तरी त्यांच्याच अ‍ॅपवर, आई."

जुनं अ‍ॅप बंद झालं. धाकटीने सगळे निरोप नव्यात आणून दिले. "बघ, एकही हरवला नाही."

मी लावला. "वर येतोच गं. ठेवतो हं." आणि संपला. दुसरा लावला. तोही तिथेच संपला.

"पुढचं कुठे गेलं?"

तिने बराच वेळ खटपट केली. मग हळूच म्हणाली, "आई, नवं अ‍ॅप बोलणं तेवढं ठेवतं. बाकीचा गोंगाट आपोआप कापतं."

"गोंगाट?"

"मूळचं पुसलं गेलंय गं. विचारलं मी सगळ्यांना."

तिचे डोळे भरले, म्हणून मी फोन बाजूला ठेवला.

ती तिच्या घरी गेल्यावर मी खाली उतरले. मशीनवरचं कापड काढलं, दोरा न ओवताच पायडल मारलं. तीच धडधड. फोन शेजारी ठेवून बटण दाबलं, "ठेवते हं" म्हटलं आणि मशीन चालवत राहिले. मग निरोप धाकटीला पाठवला.

लगेच तिचं उत्तर आलं, "आई, नुसतं 'ठेवते हं' आलंय. काही सांगायचं होतं का?"

मी पाय थांबवला नाही.