चौदा नंबर कुणाचा?

मी चौदा नंबरची जर्सी बोलतेय. दहा नंबर बोलला असता तर तुम्ही खुर्ची पुढे ओढून ऐकलं असतं, हे मला ठाऊक आहे. सात, नऊ, दहा हे आमच्यातले लाडके. चौदा म्हणजे लग्नाच्या फोटोत कडेला उभी असलेली मावशी, जिला बघून सगळे विचारतात, "या कोण?" पण परवा याच मावशीवरून अख्ख्या क्लबात असं भांडण जुंपलं की ज्याचं नाव ते. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

एकाच हिरव्या ताग्यातून शिंप्याने आम्हा पंधरा भावंडांना शिवलं. शिंपी हात सैल सोडून कापणारा. माझ्यापर्यंत येईतो कापड पुरेना, म्हणून माझ्या बाह्या आखूड. पंधरा नंबर तर बिचारा कॉलरशिवायच जन्माला आला. आमच्या फुटबॉल क्लबात जर्सी कुणाच्या मालकीची नसायची. एक खेळाडू गेला की दुसऱ्याने ती चढवायची, आणि धुणं ज्याच्या त्याच्या घरी.

माझा पहिला धनी तोफ. दोन हंगामांत त्याने एकतीस गोल केले. लोक त्याला खांद्यावर घेत आणि त्याच्यासोबत मीही वर जाई. मी चढून गेले होते, कबूल करते. मग एका मोठ्या क्लबाचं बोलावणं आलं आणि स्वारी मला खुंटीवर टाकून निघून गेली. धुवायचंही सुचलं नाही त्याला. मागे वळून बघणं तर दूरच.

त्यानंतर अकरा वर्षं मला घातलं गोंदने. राखीव खेळाडूंच्या बाकाला चिकटून बसायचा म्हणून गोंद. पोटापाण्यासाठी तो घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचा. सरावाला कधी दांडी नाही, म्हणून पंधरात असायचा. धावता येत नाही, म्हणून अकरात नसायचा. अकरा वर्षांत तो मैदानावर एकूण सदतीस मिनिटं होता. त्यातली चार बुटाची लेस बांधण्यात गेली. त्या बाकाचा खिळा न् खिळा मला पाठ होता.

पण ज्याला काही काम नसतं तो बघत बसतो, आणि मीटर वाचून वाचून गोंदची नजर फार बारीक झाली होती. समोरच्या संघातला कोण पेनल्टी मारताना खांदा कुठे झुकवतो, कुणाचा श्वास कधी अडकतो, हे त्याला दिसायचं. त्याने ते आमच्या गोलकीपरला सांगितलं. गोलकीपरचं नाव कुलूप, आणि तो गोंदचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी गुपचूप ठरवलं: गोंदने बाकावरून माझं खालचं डावं टोक ओढलं की कुलूपने डावीकडे झेपावायचं, उजवं ओढलं की उजवीकडे.

पहिल्या वेळी घोळ झालाच. डावं म्हणजे कुणाचं डावं, हे विचारायला दोघेही विसरले. कुलूप भलतीकडे उडाला आणि चेंडू नशिबाने खांबाला लागून परतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मात्र दोघांनी नीट तालीम केली आणि कुलूपने एकामागून एक नऊ पेनल्टी अडवल्या. गावभर कुलूपचं नाव झालं. माझी दोन्ही टोकं ओढून ओढून लोंबायला लागली. गोंदची बायको दर आठवड्याला ती शिवायची आणि विचारायची, "अहो, तुम्ही खेळत नाही, तर ही फाटते कशी?" गोंद म्हणायचा, "सवय आहे गं."

मग आली फायनल. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी. कडाक्याची थंडी, गोंदच्या चष्म्यावर वाफ धरलेली. दिसेना, म्हणून त्याने माझं उजवं टोक धरलं आणि काचा पुसल्या. तिकडे कुलूप उजवीकडे झेपावला. चेंडू डावीकडून आत. कप गेला. लोक कुलूपला वाट्टेल ते बोलले, आणि गोंद बाकावर हातात चष्मा धरून बसून राहिला. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडले असते.

त्यानंतर लगेच नवे कपडे आले आणि आम्ही पंधराही जण ट्रंकेत गेलो. सोळा वर्षं डांबराच्या गोळ्या हुंगत काढली.

बाहेर निघालो ते यंदा, क्लबला पन्नास वर्षं झाली तेव्हा. टूम अशी निघाली की क्लबच्या खोलीतल्या भिंतीवर एक ते पंधरा आकडे रंगवायचे आणि प्रत्येकापुढे तो नंबर घालणाऱ्या सर्वांत मोठ्या खेळाडूचं नाव. अध्यक्ष शिट्टीकाका, म्हणजे निवृत्त पंच. त्यांनी नियम केला की खोलीत बसलेल्या प्रत्येकाचा हात वर झाला तरच नाव लागेल. एक जरी हात खाली राहिला तरी पुढल्या रविवारी पुन्हा वाद.

काय ते रविवार! सहा नंबर दोन सख्ख्या भावांनी घातलेला. त्यांची आई मधोमध बसून म्हणाली, "मी दोघांनाही न्हाऊमाखू घातलंय, मला यात ओढू नका." तिचा हात वर व्हायला तीन रविवार लागले. नऊ नंबरच्या वेळी दोन व्याही एकमेकांशी बोलेनासे झाले. एक नंबर मात्र अर्ध्या मिनिटात सुटला. "नऊ पेनल्टी! कुलूप!" पहिला हात गोंदचा वर गेला. कुलूपनेही जमिनीकडे बघत हात वर केला.

आणि चौदाचा रविवार उजाडला. गोंद दाढी घोटून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. बायकोही सोबत. ही दाढी कशासाठी आहे हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. एवढ्या वर्षांत एकदा तरी आपलं नाव कुणी घ्यावं, असं त्याला वाटत होतं. स्वतःहून मात्र तो मेला तरी बोलला नसता.

"चौदा," शिट्टीकाका म्हणाले. "तोफ. करा हात वर आणि चला पुढे."

"आणि अकरा वर्षं जर्सी घातली ते?" भिंत रंगवणारा पेंटर गमतीने म्हणाला.

"गोंद?" शिट्टीकाका खो खो हसले. "अरे, बसण्यात पहिला नंबर ठेवू या, तो बिनविरोध देऊ!"

अख्खी खोली हसली. सगळ्यांत मोठ्याने गोंदच हसला, आणि मला त्याचा फार राग आला.

त्याची बायको उठली. "हसताय काय तुम्ही? हसण्यासाठी इस्त्री केली का मी?" मग ती शिट्टीकाकांकडे वळली. "काका, ते खेळले नाहीत, मान्य. पण या जर्सीला घरी येताना पिळून काढावा एवढा घाम असायचा. नुसतं बसून येतो का हो एवढा घाम? आणि हिची टोकं अकरा वर्षं मी शिवलीत. बघा, अजून लोंबतायत."

तिने मला टेबलावरून उचलून उभं धरलं. सगळे बघत होते, पण कुलूपला ते बघवेना. त्याचं नाव भिंतीवर लागून दोन महिने झाले होते. तो गप्प राहिला असता तर कुणाला काहीच कळलं नसतं.

तो उभा राहिला. "आधी माझं नाव पुसा," म्हणाला, आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

जो गोंधळ उडाला! शिट्टीकाकांनी तीनदा शिट्टी वाजवली. "त्यातल्या चार सामन्यांत मी पंच होतो! माझ्या नाकासमोर?"

"राखीव खेळाडूने कपडे ओढू नयेत असं नियमात आहे का, काका?" पेंटरने विचारलं. काका पाच मिनिटं आठवत राहिले. तसं नव्हतं.

"मग फायनलला काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"तिथे चुकलो मी," कुलूप म्हणाला. "त्याने बरोबरच दाखवलं असणार. माझंच डावं-उजवं झालं."

 गोंद गप्प बसला असता तर नाव त्याच्या हातात होतं. तो उठला.

"तू नाही चुकलास. मी चष्मा पुसत होतो."



"सोळा वर्षं?" कुलूप म्हणाला. "सोळा वर्षं मला लोक फुटकं कुलूप म्हणतायत!"

"दर आठवड्याला सांगायला यायचो रे. तू दार उघडून म्हणायचास, ये, बस. आणि मी बसायचो."

कुलूप टेबलाला वळसा घालून त्याच्याकडे निघाला. आता हा हात उगारतो, असं मला वाटलं. त्याने गोंदच्या बायकोच्या हातातून मला घेतलं आणि गोंदसमोर धरलं. गोंदच्या चष्म्याच्या काचा पार ओल्या झाल्या होत्या.

"घे, पूस," तो म्हणाला. "आता कुणी पेनल्टी मारत नाहीये." आणि दोघेही रडता रडता हसत सुटले.

कुलूपचं नाव पुसायला कुणी तयार झालं नाही. उडी तर त्यानेच मारली होती. मग शिट्टीकाकांनी चौदा पुन्हा पुकारला. सगळे हात वर गेले. बायकोने तर दोन्ही हात वर केले. एकच हात खाली होता.

"एकमत नाही," शिट्टीकाका म्हणाले.

"तोफ मोठा खेळाडू होता हो," गोंद पुटपुटला. "आणि स्वतःसाठी कसा हात वर करू?"

"माझ्या नावाला मी केला होता," कुलूप म्हणाला. "तेव्हा लाज नाही वाटली, आता वाटतेय. तुला उलट आता वाटेल आणि मग नाही वाटणार. कर वर."

गोंदचा हात कानापर्यंत आला आणि थांबला.

"अजून वर," शिट्टीकाका खेकसले. "पंचाला दिसायला हवा!"

तो गेला वर. सदतीस मिनिटांत त्या माणसाला मिळाल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या त्याला तेव्हा मिळाल्या.

आता मी त्याच भिंतीशेजारी खिळ्याला टांगलेली असते. शिवण उसवली आहे, रंग उडाला आहे, पण ऊन येतं आणि माणसं दिसतात, माझं बरं चाललं आहे. कधी इकडे आलात आणि एक म्हातारा भिंतीसमोर वाट अडवून उभा दिसला, तर त्याला बाजूला व्हा म्हणू नका. तो एकपासून सुरू करून सगळी नावं सावकाश वाचतो. तेरावर आला की कुणी बघत नाही ना, म्हणून मागे वळून बघतो. मग चौदा वाचतो. पंधरा काही तो वाचत नाही, पुन्हा एकपासून सुरू करतो. त्याचं होऊ द्या, मग तुम्ही वाचा.