प्रत्येकी एकच

चोराला दिव्याच्या खांबाला बांधल्यावर कंपाउंडरच्या मामांनी पहिली गोष्ट कोणती केली, तर लोकांना रांगेत उभं केलं. मामा निवृत्त हेडमास्तर. बेशिस्त त्यांना खपत नसे. चोर खराच चोर होता, त्याच्या पिशवीत गल्लीतल्या नळांच्या पितळी तोट्या खुळखुळत होत्या. पण म्हणून त्याचा जीव घेणं मामांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी नियम घातला, प्रत्येकी एकच. एका फटक्याने कुणी मरत नाही आणि एका फटक्याचं पाप कुणाला लागत नाही.

रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली. शिंप्याने कानाखाली दिली, इस्त्रीवाल्याने पोटात गुद्दा घातला, आणि ज्या शेजारच्या वहिनी कधी झुरळसुद्धा मारत नसत त्यांनी घरून लाटणं आणलं होतं. चोराचा एक दात त्याच्याच शर्टाच्या खिशात पडला. कंपाउंडर मुळात पापभीरू. पण रांग सोडून जाणं बरं दिसलं नसतं. हातांनी लोकांना इंजेक्शनं द्यायची असतात, म्हणून त्याने पाय वापरला. बुटाखाली बरगडी कडकन वाजली. मामा म्हणाले, "पुढचा."

चोराची मान लटकली, तेव्हा त्याच लोकांनी त्याला हातोहात उचलून दवाखान्यात आणलं. डॉक्टर परगावी होते. कंपाउंडरने रक्त पुसलं, भुवईला टाके घातले. तेवढ्या वेळात एकेक जण आत डोकावून हळूच विचारून गेला, की आपला फटका बसला तिथे विशेष काही नाही ना. कंपाउंडरने सगळ्यांना धीर दिला आणि छातीला पट्टी गुंडाळायला घेतली.

"डावीकडे जरा हळू, दादा," चोर म्हणाला. "तिथे तुमचाच आहे."

कंपाउंडरने पट्टीचा पुढचा वेढा सैल घेतला.

इतक्यात पोलीस शिपाई आला. याला कुणी मारलं, असं त्याने विचारलं. मामांनी सगळ्यांच्या वतीने सांगितलं, की पळताना पडला. चोराला वेगळं शहाणपण शिकवावं लागलं नाही. तोही पडलो म्हणाला. प्रकरण कसं छान मिटलं होतं.

"बरगडी मी मोडली," कंपाउंडर म्हणाला. "लाथेने. तो बांधलेला होता."

शिपायाने टोपी डोक्यावर नीट बसवली, चहा घेऊन येतो म्हणाला, आणि तोवर या कंपाउंडरला कुठे जाऊ देऊ नका असं बजावून गेला.

लोक सुन्न झाले. बांधलेल्या माणसाला लाथ, आणि तीही दवाखान्यातल्या माणसाने! शिंप्याचा तर विश्वासच बसेना. इस्त्रीवाल्याने कंपाउंडरला कॉलर धरून औषधांच्या कपाटावर आदळलं. काचा फुटल्या, नाकाचं हाड सरकलं. वहिनींनी डोळे पुसले आणि लाटणं उचललं. मामा कासावीस झाले. सख्ख्या बहिणीचा मुलगा. पण न्यायाला भाचा नसतो.

"रांगेत," ते म्हणाले. "प्रत्येकी एकच."

अर्धी रांग संपली, तेव्हा कॉटवरून आवाज आला.

"त्याच्या हातांना तेवढं मारू नका. माझी पट्टी अर्धीच झालीय."

हे सगळ्यांना पटलं. माणुसकी म्हणून काही असतेच. रांग थांबली. कंपाउंडर काचांवरून रांगत कॉटपाशी आला, नाकातलं रक्त बाहीला पुसलं आणि पट्टीचं टोक शोधलं.

"श्वास रोखून धर," तो म्हणाला.

"धरतो," चोर म्हणाला. "तुम्हीही धरा. मामा रांगेत उभे राहिलेत."