समोरचा दात

दात्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण गल्लीत ते कुणाला आठवत नसे. ज्याच्या दुकानाच्या काचेत वर्षानुवर्षं कवळ्या मांडलेल्या, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? ते स्वतःही फोनवर "दाते बोलतोय" असंच म्हणत. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते काम वरच्या मजल्यावर राहणारी त्यांची थोरली बहीण, ताई, बघायची.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काच, काचेमागे फळी, फळीवर पूर्ण बत्तिशी, नुसत्या वरच्या, नुसत्या खालच्या आणि एखाददुसरा दात असलेल्या पट्ट्या. आत प्लास्टरच्या धुळीने पांढरं झालेलं टेबल, मेण वितळवायचा छोटा स्टोव्ह, घासकामाची मोटर. मागचं दार बोळात उघडायचं. तिथून फक्त कचरा बाहेर जायचा.

मग गल्ली सुधारली. पिठाच्या गिरणीच्या जागी, दात्यांच्या बरोबर समोर, कॉफीचं दुकान आलं. सायकलवाल्याच्या जागी मेणबत्त्या आल्या, त्याही पेटवायच्या नसून हुंगायच्या. कुलूपवाला गेला आणि तिथे काय आलं हे अजून कुणाला कळलेलं नव्हतं. आत एक खुर्ची होती आणि ती विकायला नव्हती.

गल्लीला कोणतं दुकान शोभतं आणि कोणतं नाही हे ठरवायला रहिवाशांची सभा भरली. अध्यक्ष होते मास्तर. ते शाळेतून निवृत्त झाले होते, हजेरी घेण्यातून नाही. दाते धुतलेला शर्ट घालून गेले. नवे लोक आपल्यावर उठणार आणि जुने आपली बाजू घेणार, असा त्यांचा अंदाज होता.

"माझा कुणावर रोख नाही," मास्तर दात्यांकडे बघत म्हणाले, "पण पाहुणा गल्लीत शिरला की त्याला आधी काय दिसतं? जबडे. सुधारणा करायचीच तर तिथून सुरू करू."

समोरची कॉफीवाली ताडकन उठली. "उलट त्या कवळ्या म्हणजेच ही गल्ली! आमच्याकडे येणारे लोक मुद्दाम त्यांचे फोटो काढतात. उद्या काका गेले, तर इथे उरलं काय?"

"तुम्ही," मागच्या रांगेतून ताई म्हणाली. मग ती उभीच राहिली. "मला त्या कवळ्या कधीच आवडल्या नाहीत. पण ते मी त्याला सांगेन, मी त्याची बहीण आहे. काढा म्हणणारे तुम्ही कोण, आणि ठेवा म्हणणाऱ्या या कोण?"

यावर बरंच बोलणं झालं. दात्यांची मात्र दातखीळ बसली होती. त्यांना जे सांगायचं होतं ते कुणाच्याच सोयीचं नव्हतं. कवळी करून घ्यायला येणारा माणूस तोंडावर रुमाल धरून येतो. आता समोर टेबलं मांडलेली, तिथली मंडळी दिवसभर काचेकडे बघत बसलेली, मधूनच मोबाईल वर करणारी. गिऱ्हाईक कोपऱ्यावर येई, ही गर्दी बघे आणि मागे फिरे. एक आजोबा तर गोंधळून मेणबत्त्यांच्या दुकानात शिरले आणि जांभळी मेणबत्ती घेऊन घरी गेले.

निर्णय पुढच्या सभेत घ्यायचा, असा निर्णय झाला.

त्यानंतर एका सकाळी मागच्या दारावर थाप पडली. बोळात कचऱ्याच्या डब्याशेजारी कॉफीवाली उभी होती. ओढणी नाकापर्यंत ओढलेली.

"काका, थमोरून नाही आले," ती म्हणाली. "लोक बथलेत."

तिच्या तळहातावर गुलाबी पट्टी होती, दोन तुकड्यांत. एका तुकड्याला वरचा समोरचा दात. लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती म्हणे. नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

दात्यांनी तुकडे उजेडात धरून पाहिले, जुळवून मेणाने चिकटवले, खाली प्लास्टरचा साचा घेतला आणि कामाला लागले. ती स्टुलावर बसून राहिली. तिथून कवळ्यांची रांग पाठीमागून दिसत होती आणि रांगेपलीकडे तिचं स्वतःचं दुकान. एक जोडपं कप हातात घेऊन रस्ता ओलांडून आलं आणि काचेला नाक लावून आत बघू लागलं. ती पटकन टेबलामागे वाकली.

"हे रोज अथंच?" तिने खालूनच विचारलं.

"दुकान उघडं असलं की."

"मग तुमची गिऱ्हाइकं?"

"येत नाहीत."

जोडपं गेलं तरी ती वर आली नाही. "थभेत बोलायचं ना, काका."

"तुम्ही माझं कौतुक करत होता," दाते म्हणाले. "मध्येच कसं बोलणार?"

पट्टी घासून, चकाकी आणून त्यांनी तिच्या हातात दिली. तिने ती बसवली, आरशात पाहिलं, "समोसमोर" असं काहीतरी पुटपुटून 'स' तपासला आणि बोळातून निघून गेली.

त्याच आठवड्यात कॉफीच्या दुकानापुढे कुंड्या आल्या. माणसाच्या उंचीची, दाट पानांची झाडं, टेबलांपुढे भिंतीसारखी. टेबलांवरून आता दात्यांचं दार दिसेना. आधी रुमालवाल्या एक बाई आल्या. मग ते आजोबा आले, आल्या आल्या मेणबत्तीबद्दल तक्रार करू लागले.

पुढच्या सभेत कवळ्यांचा विषय निघालाच नाही. मास्तरांना कुंड्यांचा नवा विषय मिळाला होता. "रस्ता सर्वांचा आहे. आज झाडं, उद्या जंगल." ताई आयुष्यात प्रथमच मास्तरांशी सहमत झाली. जुनी मंडळी एकजात उठली: काल आलेल्यांनी आमचा रस्ता अडवायचा?

"पण एवढी झाडं लागतात कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"छान दिसतात," कॉफीवाली म्हणाली आणि तिने तोंड घट्ट मिटलं.

दाते उभे राहिले. सभेत ते कधी उभे राहत नसत, त्यामुळे सगळ्यांना वाटलं ते निघाले. "झाडं राहू देत," ते म्हणाले.

"का?"

"छान दिसतात."

ताईने मान वळवून भावाकडे पाहिलं. "तुला झाडांतलं काय कळतं? तू प्लास्टिकचे दात करतोस!"

सभा हसली. मास्तरही हसले. दाते खाली बसले, पण हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो कॉफीवालीच्या बाजूने वर केला आणि त्यांचं बघून आणखी चारदोन जुन्यांनी केला. कुंड्या राहिल्या.

ताईने बोलणं टाकलं. तिचं न बोलणं गल्लीभर ऐकू जायचं. खुर्च्या सरकत, भांडी आदळत, जिन्यात भाऊ दिसला की ती भिंतीशी बोले. एकदोनदा दात्यांना वाटलं, सांगून मोकळं व्हावं. पण कुणाच्या तोंडात काय आहे ते दुकानाबाहेर न्यायचं नाही, ही वडिलांची शिकवण त्यांनी कधी मोडली नव्हती. ते मोटर सुरू करून घासत बसत.

आणि एक दिवस भर दुपारी, समोर सगळी टेबलं भरलेली असताना, ताई पुढच्या दाराने आत आली. रुमाल नाही, पदर नाही. तिने टेबलावर एक दात ठेवला.

"खालचा पडला. शेजारचा कधीचाच गेलाय. माप घे."

"मागे बसू या का?"

"मागे कशाला? चोरी केलीय?" ती काचेजवळच्या खुर्चीत बसली.

दात्यांनी मापाचा लगदा कालवला, साच्यात भरला आणि तिच्या तोंडात बसवला. लगदा घट्ट होईपर्यंत जीभ हलवायची नसते. अशी संधी त्यांना जन्मात मिळाली नव्हती. साचा बोटांनी दाबून धरत ते म्हणाले, "ताई, त्या झाडांना कारण आहे. काय ते सांगता येणार नाही. पण मी फितूर झालो नाही."

ताईने घशातून आवाज काढला.

"हलू नकोस. आणि प्लास्टिकचे दात म्हणालीस ना सगळ्यांसमोर, ते मला लागलं."

ताईने डोळे मिटून घेतले. साचा निघाल्यावर तिने चूळ भरली, हनुवटी पुसली आणि मग म्हणाली, "कॉफीवालीचा वरचा दात खोटा आहे. आली त्याच दिवशी ओळखलं मी. बाबांच्या टेबलाशी मीही वाढले, तू एकटा नाही."

दाते हातातला साचा धरून तसेच उभे. "मग सभेत एवढी भांडलीस कशाला?"

"झाडांवरून भांडले. दाताबद्दल एक शब्द काढला का?"

"नाही."

"काढेन असं वाटलं होतं?"

दात्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हो."

ताईने हनुवटी पुन्हा एकदा पुसली. "प्लास्टिकचं बोलले ते चुकलं माझं," ती शेवटी म्हणाली. "पण झाडं मला आवडत नाहीत. पुढच्या सभेत मी परत बोलणार."

"बोल."

"तू हात कुणाच्या बाजूने वर करणार?"

"झाडांच्या."

"कर." तिने आरसा ओढून घेतला आणि पडलेल्या दाताची जागा नीट बघायला तोंड मोठं उघडलं. समोर पानांच्या फटीतून कुणीतरी मोबाईल वर धरला होता. ताईने तो पाहिला आणि जबडा आणखी थोडा त्या बाजूला वळवला.