नितळ पायाचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना, जड कॅमेरा आहे, आणि मला किळस फार लवकर येते. हे आधीच सांगून टाकलेले बरे. एका दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत माझी अकरा वर्षे गेली. पू, रक्त, काळी पडलेली कातडी यांचे मी हजारो फोटो काढले. त्यांचा मला कधी त्रास झाला नाही. मला शिसारी येते ती मलम लागलेल्या बोटांनी मला उचलणाऱ्यांची, माझ्या काचेवर 'हाऽ' करून सदऱ्याच्या टोकाने ती पुसणाऱ्यांची, आणि सगळ्यात जास्त, न बघता बघितल्यासारखे करणाऱ्यांची.

हा स्वभाव जन्मापासूनचा आहे. ज्या कारखान्यात माझी जोडणी झाली, तिथे माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत आणि हवासुद्धा गाळून आत सोडलेली असे. ज्या पडद्यावर उजेड पडून फोटो उमटतो, तो माझ्यात बसवून झाल्यावर जोडणाऱ्या बाईंना त्याच्यावर एक धुळीचा कण दिसला. केसाच्या जाडीहूनही बारीक. त्यांनी माझे सगळे स्क्रू पुन्हा उघडले. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "एवढ्याशासाठी?" त्या म्हणाल्या, "एवढासा प्रत्येक फोटोत दिसेल ना." त्या बाईंना मी पुन्हा कधी पाहिले नाही, पण किळस यावी कशाची हे मी त्यांच्याकडून शिकलो.

दवाखान्यात मी मोठ्या सिस्टरांच्या ताब्यात होतो. त्या कमी बोलत आणि मोजून काम करत. त्यांची एक पद्धत होती. आधी हात धुवायचे, हातमोजे बदलायचे. मग जखमेशेजारी कागदाची पट्टी ठेवायची. तिच्यावर मिलिमीटरच्या रेघा, तारीख आणि रुग्णाचा क्रमांक. पट्टीला लागून एक करडे कार्ड, म्हणजे उजेड पिवळा असो की निळा, रंग खरे किती ते नंतर ताडून बघता येते. शेवटी माझ्या पट्ट्याला बांधलेला एक दोरा. त्याला तीस सेंटीमीटरवर गाठ होती. दोरा ताणून गाठ जखमेच्या अगदी वर आली, की मगच त्या बटण दाबत. त्यामुळे आजचा फोटो आणि मागच्या आठवड्याचा फोटो एकाच अंतरावरून निघे, आणि जखम किती वाढली किंवा किती भरली हे सरळ मोजता येई. ते फोटो दर गुरुवारी दुसऱ्या गावच्या मोठ्या डॉक्टरांकडे जात. डॉक्टर ते बघून फोनवर औषध सांगत.

माझ्या वजनामुळे सगळे मला 'रेडा' म्हणत. "रेड्याला चार्जिंगला लावलं का?" असा आवाज संध्याकाळी हमखास ऐकू येई. मला त्याचे वाईट वाटत नसे. मोठ्या सिस्टर रोज मला कोरड्या कापडाने पुसत आणि ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवत. रेड्याचा थाट होता म्हणा ना.

याच काळात मास्तर येऊ लागले. मास्तर म्हणजे शिंपी. पायाने चालवायच्या मशीनवर त्यांची चाळीस वर्षे गेली होती. त्यांना मधुमेह होता आणि डाव्या पावलाची जाणीव गेली होती. मशीनच्या लोखंडी पायट्याने अंगठ्याखाली फोड आला, फुटला, चिघळला, तरी त्यांना पत्ता नाही. लेकीला फरशीवर ओले ठसे दिसले तेव्हा कळले. पोट सुटल्यामुळे त्यांना वाकून स्वतःचा तळवा बघता येत नसे. दुखत नाही, दिसत नाही. मित्रांनो, त्या माणसाला आपला पाय कसा आहे हे कळायची एकच वाट होती, ती म्हणजे फोटो.

"दाखवा सिस्टर, आज काय म्हणतोय आमचा भाडेकरू?" ते विचारत.

"दोन मिलिमीटर आत सरकलाय," मोठ्या सिस्टर माझ्या मागच्या पडद्यावर दाखवत म्हणत. "असाच राहिला तर दोन महिन्यांत खोली रिकामी करेल."

लेक मात्र बघत नसे. जखमेची पट्टी सुटायला लागली की ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभी राहायची.

मग मोठ्या सिस्टर मुलीच्या बाळंतपणासाठी सहा आठवड्यांच्या रजेवर गेल्या. त्यानंतर चारच दिवसांनी दवाखान्याच्या व्यवस्थापक साहेबांनी टेबलावर माझ्या शेजारी एक चकचकीत कॅमेरा आणून ठेवला. साबणाच्या वडीएवढा. खिशात मावेल असा.

"उचलून बघा. हा एक, आणि हा एक," साहेब म्हणाले.

धाकट्या सिस्टरने मला उचलले आणि लगेच खाली ठेवले. "बाई गं! रोज याला गळ्यात घालून माझी मान जिराफाएवढी होईल."

"ओझ्याने मान आखूड होते, लांब नाही," औषधांच्या खिडकीतले काका म्हणाले. "शाळेत काय शिकलीस?"

"काका, तुम्ही गोळ्या मोजा."

साहेब हसले. "आणि ती पट्टी, तो दोरा, ते कार्ड. एका फोटोला सात मिनिटं लागतात. बाहेर बाकावर माणसं ताटकळतात. ही डबी खिशातून काढा, टिचकी मारा, झालं. चित्र वाईट आलं तर स्वतःच सुधारून घेते म्हणे."

बाकावर माणसे ताटकळत होती, हे खरे होते. पण 'चित्र स्वतःच सुधारून घेते' हे ऐकून मला शिसारी आली. जखमेचे चित्र सुधारायचे कशाला? सुधारायची ती जखम. मला कुणी विचारले नाही. सगळ्यांनी डबी पसंत केली, आणि मला हात पुसायच्या ओलसर फडक्यात गुंडाळून बेसिनखालच्या कपाटात कोंबले.

त्या कपाटाचे वर्णन करताना आजही अंगावर काटा येतो. बेसिनचा पाइप झिरपत होता. तळाशी तपकिरी, बुळबुळीत थर साचला होता. शेजारी केस अडकलेला एक ब्रश आणि अर्धा वापरलेला साबण. एक झुरळ माझ्या पट्ट्यावरून निवांत हिंडायचे, जसे काही तो त्याचा फिरायचा रस्ता. मग एक दिवस मला जाणवले की काहीतरी माझ्या आत आले आहे. अंधार, ओल आणि काचेवर राहिलेला बोटांचा तेलकटपणा, बुरशीला एवढे पुरते. भिंगाच्या कडेने तिचे पांढरे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरू लागले. ज्याच्यासाठी एक कण काढायला सगळे स्क्रू उघडले होते, तो मी आतून कुजत होतो. मला स्वतःचीच शिसारी आली.

कपाटाचे दार नीट बंद होत नसे, त्यामुळे खोलीतले बोलणे मला ऐकू येई. धाकटी सिस्टर मनाने वाईट नव्हती. पण तिला जखमा बघवत नसत. ती श्वास रोखून पट्टी सोडायची, तोंड अर्धवट फिरवून डबीची टिचकी मारायची, भराभर औषध लावून नवी पट्टी बांधायची आणि मग मोठा श्वास सोडून पडद्यावरचा फोटो बघायची.

"वा! मास्तर, बघा किती छान भरलंय."

"अरे, हा तर नव्या नवरीचा पाय!" मास्तर खूश व्हायचे. लेकसुद्धा कॅलेंडरकडून वळायची. हा फोटो तिला बघवत होता. तिने तो आपल्या फोनवर घेतला आणि मावशीला, काकांना, सगळ्यांना पाठवला.

पाचव्या आठवड्यात मोठे डॉक्टर फोनवर म्हणाले, "छान प्रगती आहे. पुढच्या गुरुवारी गोळ्या बंद करू." मास्तर त्या दिवशी घरी गेले ते थेट मशीनवर बसले.

सहा आठवडे संपले आणि एका सोमवारी मोठ्या सिस्टर कामावर आल्या. मास्तरांचा पाय त्यांच्यासमोर आला. त्यांनी पट्टी सोडली. आधी वास आला. तो मला कपाटातही आला, आणि माझ्या कपाटाचा वास काही कमी नव्हता.

"ही लाली कधीपासून आहे?" मोठ्या सिस्टरांनी विचारले.

"कुठली, ताई?" धाकटी म्हणाली. "फोटोत तर नव्हती."

"मी फोटोचं विचारत नाहीये."

धाकटीने पहिल्यांदा नीट बघितले.

"सिस्टर, काय झालं?" मास्तर उठायची धडपड करत म्हणाले. "आमचा भाडेकरू गेला ना?"

"पडून राहा, मास्तर. आलेच."

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "गुरुवारचा फोटो माझ्यासमोर आहे. गुलाबी, स्वच्छ. कडेला लाली नाही. तुम्ही नक्की त्याच रुग्णाचं बोलताय?"

"डॉक्टर, मी फोटोसमोर नाही, पायासमोर उभी आहे."

मग डॉक्टर म्हणाले, "मापाची पट्टी ठेवून फोटो पाठवा. तुमच्या जुन्या पद्धतीने."

कपाटाचे दार उघडले. मोठ्या सिस्टरांनी मला फडक्यातून सोडवले आणि दिव्यासमोर धरून माझ्या भिंगातून आरपार बघितले. "ई!" असे त्या आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाल्या असतील. बुरशी कडेला होती, मध्ये अजून स्वच्छ होते. त्यांनी मला पुसले, दुसरी भरलेली बॅटरी घातली. हात धुतले. पट्टी, करडे कार्ड, मग दोरा. गाठ तळव्याच्या वर आली. खट्. माझ्या आतला आरसा इतक्या दिवसांनी उचलला गेला. फोटोच्या चारही कोपऱ्यांत धुके होते. मध्ये मास्तरांचा तळवा होता. जखमेभोवती चार सेंटीमीटर लाली, घोट्याकडे निघालेली एक लाल रेघ, आणि दोन बोटांची टोके काळपट.

डॉक्टरांनी फोटो बघितला आणि ते एकच वाक्य बोलले. "गाडीत घाला, आत्ता."

मास्तरांचे पाऊल वाचले. दोन बोटे गेली. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर गुडघ्यापर्यंत पाय काढावा लागला असता, असे डॉक्टर नंतर म्हणाले.

त्याच दुपारी मोठ्या सिस्टर डबी घेऊन बसल्या आणि तिच्यातली एकेक सोय उघडून बघत गेल्या. पडद्यावरच्या यादीच्या तिसऱ्या पानावर त्यांना ते सापडले. 'नितळ त्वचा' अशी एक सोय होती, आणि ती चालू होती. डबी आणली त्याच आठवड्यात हेडक्लार्कांच्या निरोपाचा फोटो काढताना साहेबांनी ती चालू केली होती, सगळे तरुण दिसावेत म्हणून. नंतर ती बंद करायची कुणालाच आठवण झाली नाही. कातडीच्या रंगाचे जे समोर येई, त्याचे डाग आणि लाली पुसून डबी ते नितळ करून देई. तिच्यासमोर चेहरा आहे की कुजणारे पाऊल, हे तिला काय ठाऊक! आणि फोटोत पट्टी नाही, कार्ड नाही. मग खोटे पकडायचे तरी कशावरून?

"म्हणजे या सहा आठवड्यांतले सगळेच..." साहेब म्हणाले आणि खुर्चीत बसले.

"सगळेच," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "एकेकाला बोलवावं लागेल. आजच."

मला वाटले होते की आता डबीची रवानगी कपाटात होईल. खरे सांगतो, मी त्या क्षणाची वाट बघत होतो. पण मोठ्या सिस्टरांनी ती सोय बंद केली, पट्टी आणि कार्ड ठेवून डबीने एक फोटो काढला, तसाच फोटो माझ्यावरही काढला, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितले. डबीचा रंग बरोबर होता. कोपरे तर माझ्यापेक्षा स्वच्छ होते. आता डबी रोजच्या कामाला असते आणि मी कठीण जखमांना. मला हे आवडलेले नाही, पण मोजून ठरवले आहे, त्यामुळे बोलायला जागा नाही. दुरुस्ती करणाऱ्याने मला उघडून बुरशी काढली. "काचेवरचा मुलामा खाल्लाय हिने," तो म्हणाला. "डाग जायचा नाही." तो डाग अजून माझ्यात आहे.

दोन महिन्यांनी मास्तर काठी टेकत आले. लेक बरोबर होती. त्यांनी डबीचा शेवटचा फोटो आणि त्या सोमवारचा माझा फोटो, दोन्ही मागितले, आणि मोठ्या सिस्टरांनी ते टेबलावर शेजारी ठेवले. मास्तरांनी नितळ फोटोवर बोट ठेवले.

"हा कुणाचा पाय?"

"तुमचाच."

"आणि हा?"

"हाही तुमचाच. चारच दिवसांनी काढलेला."

मास्तरांनी दुसरा फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. "मला तेव्हा हा का नाही दाखवला कुणी?"

धाकटी सिस्टर दाराजवळ उभी होती. तिचे डोळे भरून आले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, आम्ही सगळ्यांनी फोटो बघितला. पाय कुणीच बघितला नाही."

ड्रेसिंगची वेळ झाली. धाकटी पुढे आली आणि तिने पट्टी सोडायला घेतली. लेक सवयीने कॅलेंडरकडे वळली. मग थांबली, परत फिरली आणि तोंडावर हात घट्ट दाबून वडिलांच्या पायाजवळ येऊन उभी राहिली. जिथे दोन बोटे नव्हती तिथे तिने बघितले. तिचा चेहरा वेडावाकडा झाला, पण तिने नजर हलवली नाही.

"कडेला थोडं लाल आहे, ताई," लेक म्हणाली.

धाकटी वाकली. "हो. आहे खरं." तिने मापाची पट्टी ठेवून मोजले. तीन मिलिमीटर. तेवढे चालते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा जुना कॅमेरा असेल, तर त्याला ओलीत ठेवू नका आणि सदऱ्याने पुसू नका. त्याची काच एकदा गेली की परत येत नाही. आणि कुठे काही सडलेले, चिघळलेले, घाण दिसले, तर तुम्हाला किळस येईल. येऊ द्या. मलाही येते. तोंड मात्र फिरवू नका. आधी नीट बघा, कुठवर पसरले आहे ते मोजा, आणि जसे आहे तसेच कुणाला तरी सांगा.