शेपटीतली दोन पिसे

भिवाजीने मेलेल्या कुरव या पाणपक्ष्याची शेपटी चिमट्याने उलगडली. टोकाशी काळी पट्टी होती आणि तिच्या मधोमध दोन कोवळी, पांढरीशुभ्र पिसे उगवत होती.

“पिल्लू हाय साहेब. हुसेनसागरावरच्याच कुरवाचं. गळालेल्या पिसांच्या जागी मोठेपनाची पिसं येऊ लागलीत.”

संग्रहालयाचे विभागप्रमुख एकनाथराव दोन हात लांब, हात पाठीमागे बांधून उभे होते. भिवाजीने सोलून कापूस भरलेल्या पक्ष्याला एकतीस वर्षांत त्यांनी कधी बोट लावले नव्हते. विटाळ कुणाच्या हातचा, ते दोघांनाही ठाऊक होते. भिवाजीला त्याचा अजून संताप येई.

“इकडं कुणी पाहिला नाही असा पक्षी सापडला, असं छापायला दिलंय मी. अर्धं संग्रहालय कॉम्प्युटरच्या क्लासनं गिळलंच, उरलेलं वाचवायचंय ना? उद्या मुंबईच्या पक्षीतज्ज्ञ बाई बघायला येतात. ती दोन पिसं काढ, नुसती काळी पट्टी दिसू दे.”

“खोटं व्हईल ते.”

“कातडी सोलायचं काम तुझं, नाव द्यायचं माझं. चूप काढ. पेन्शनच्या कागदावर सही बाकी आहे अजून.”

“हौ साहेब.”

ते गेल्यावर भिवाजीने पिसे उपटली. पक्ष्याचे जे निघेल ते पक्ष्यालाच बांधायचे, असे उस्तादांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवले होते. पिसांची पुडी करून त्याने ती दोऱ्याने कुरवाच्या पायाला बांधली आणि पक्षी ट्रेमध्ये पालथा ठेवला. पेन्शन बुडाली तर घरी काय सांगायचे, हे त्याला सुचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई आल्या आणि चष्मा पुसत टेबलाशी बसल्या. तेवढ्यात एकनाथरावांना पक्ष्याच्या पोटाखालून डोकावणारा कागद दिसला. त्यांनी भिवाजीकडे पाहिले. भिवाजी जागचा हलला नाही.

एकनाथरावांचा उजवा हात पुढे आला. ओढायचा अवकाश, कागद मुठीत आला असता. हात ट्रेच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला.

सुनंदाबाईंनी चष्मा लावला, पक्षी उचलला, उलटा केला.

“ही पुडी कसली?”

“त्याचीच पिसं हायत बाई. काल काढायला लावली,” भिवाजी म्हणाला.

त्यांनी दोरा सोडला. दोन पांढरी पिसे टेबलावर पडली. एकनाथराव रुमालाने बोटे पुसत होते. बोटांना काहीच लागले नव्हते.